वळणावर गाडीला कोण धरून ठेवते?

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये रस्त्यांविषयीचे प्रश्न वाढतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे वेगात वळणाऱ्या वाहनांविषयीची निघाली. त्यांतले पहिले पत्र एका आईचे आहे आणि ते वाचल्यावर या महिन्याचे संपूर्ण सदर याच विषयाला द्यावे असे ठरवले.

प्रश्न : आम्ही दर महिन्याला ओंकारेश्वरला जातो. सिमरोलच्या पुढे जुन्या रस्त्याने घाट उतरताना एका वळणाआधी ताशी ३० किलोमीटरची पाटी आहे. माझा मुलगा तेच वळण ५० च्या वेगाने घेतो आणि समोरून कोणी येत नसेल तर ते कापून सरळ काढतो. मी बोलले की म्हणतो, "आई, पाटी जुन्या गाड्यांसाठी आहे. आपली गाडी जड आहे, रस्ता सोडत नाही." आजवर काही झालेले नाही, पण घाट संपेपर्यंत माझा जीव मुठीत असतो. त्याचे म्हणणे खरे आहे का? (लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. चिरंजीवांच्या बोलण्यात दोन वेगवेगळे दावे आहेत, तेव्हा ते एकेक करून तपासू.

पहिला दावा वजनाचा. चालत्या गाडीचा स्वभाव सरळ जाण्याचा असतो. तिला वळवायचे तर कोणीतरी तिला सतत वळणाच्या आतल्या बाजूला ओढत राहावे लागते. या ओढीला अभिकेंद्री बल म्हणतात. ते इंजिन देत नाही आणि स्टिअरिंगही देत नाही. स्टिअरिंग फक्त पुढच्या चाकांची दिशा बदलते. ओढ मिळते ती टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणातून, आणि चारही टायर मिळून रस्त्याला जेथे प्रत्यक्ष टेकतात ती जागा साधारण चार तळहातांएवढी असते. गाडी जितकी जड तितकी ही ओढ जास्त लागते, हे उघड आहे. पण गाडी जितकी जड तितके घर्षणही जास्त मिळते. वजन दोन्हीकडे सारख्याच प्रमाणात येत असल्याने हिशेबातून ते चक्क निघून जाते. उलट टायरच्या बाबतीत असे दिसते की भार दुप्पट केला तर पकड दुपटीला थोडी कमीच पडते, त्यामुळे गच्च भरलेल्या गाडीला वळणावर फायदा नसून किंचित तोटाच असतो. थोडक्यात, जडपणावर विसंबून वेग वाढवण्याला काहीही आधार नाही.

दुसरा दावा पाटीचा. लागणारी ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३० ऐवजी ५० म्हणजे वेग पावणेदोन पटींहूनही कमी वाढला असे वाटते, पण लागणारे घर्षण मात्र जवळजवळ पावणेतीन पटींनी वाढते. वळणाची त्रिज्या ३० मीटर आहे आणि रस्ता सपाट आहे असे धरू. ताशी ३० च्या वेगाला गाडीच्या वजनाच्या ०.२४ पट ओढ लागते, तर ताशी ५० ला ती ०.६६ पट होते. कोरड्या, चांगल्या डांबरावर चांगला टायर साधारण ०.७ पट ओढ देऊ शकतो. म्हणजे आपले चिरंजीव दर महिन्याला त्या वळणावर घर्षणाची जवळजवळ सगळी शिल्लक खर्च करून येतात आणि काही झाले नाही म्हणून ती शिल्लक मोठी असल्याचा समज करून घेतात. याच वळणाची कोरड्या रस्त्यावरची कमाल मर्यादा ताशी सुमारे ५२ किलोमीटर निघते. पावसात घर्षणांक, म्हणजे टायर वजनाच्या किती पट ओढ देऊ शकतो तो आकडा, ०.४ वर आला की तीच मर्यादा ३९ वर येते. तेव्हा ५० च्या वेगाने आलेली गाडी स्टिअरिंग कितीही वळवले तरी त्या वळणावर राहू शकत नाही.

पाटीवरचा ३० हा आकडा कोठून येतो, हेही सांगायला हवे. आपल्याकडे वळणांचा आराखडा इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांनुसार होतो. त्यात बाजूच्या घर्षणाचा वाटा फक्त ०.१५ धरतात आणि सपाट प्रदेशात रस्त्याची बाहेरची कड जास्तीत जास्त ७ टक्के उचलतात. दोन्ही मिळून ०.२२ झाले, आणि त्यावरून ३० मीटर त्रिज्येसाठी वेग निघतो ताशी २९ किलोमीटर. टायर ०.७ देऊ शकत असताना ०.१५ च का धरायचे, असा प्रश्न पडेल. उरलेले घर्षण अभियंत्याने राखून ठेवलेले असते. ते पावसासाठी, झिजलेल्या टायरसाठी, वळणावर सांडलेल्या खडीसाठी आणि मुख्य म्हणजे ब्रेकसाठी असते.

या ब्रेकच्या मुद्द्यावर थोडे थांबतो, कारण घाटातले अनेक अपघात येथेच घडतात असे मला वाटते. वळणासाठीचे घर्षण वेगळे आणि ब्रेकसाठीचे वेगळे, असे दोन डबे टायरजवळ नसतात. डबा एकच असतो आणि दोघांनी त्यातूनच घ्यायचे असते. दोन्ही बले एकमेकांशी काटकोनात असल्याने पायथागोरसच्या प्रमेयाने हिशेब होतो. एकूण ०.७ पैकी वळणाने ०.२४ घेतले, तर ब्रेकसाठी ०.६६ उरते, म्हणजे जवळपास सगळे. पण वळणाने ०.६६ घेतले, तर ब्रेकसाठी ०.२३ च उरते. पाटीप्रमाणे जाणाऱ्याला वळणापलीकडे बंद पडलेला ट्रक दिसला तर ब्रेक लागल्यापासून तो साधारण साडेपाच मीटरमध्ये थांबू शकतो. ५० ने जाणाऱ्याच्या ब्रेकला त्या क्षणी एक तृतीयांशच जोर असतो, आणि त्याने घाबरून पेडल पूर्ण दाबले तर ब्रेकचा वाटा वळणाच्या वाट्यातून कापला जातो आणि गाडी सरळ जाऊ लागते. आधुनिक गाड्यांतील एबीएस चाक जाम होऊ देत नाही, त्यामुळे स्टिअरिंग हातात राहते, हे खरे. परंतु एबीएस घर्षण निर्माण करीत नाही, असलेलेच नीट वाटून देते. म्हणून वेग कमी करायचा तो वळणात शिरण्याआधी, सरळ रस्त्यावर, आणि उतारावर गिअर खाली घेऊन. उतारावर गुरुत्वाकर्षण गाडीला सतत पुढे लोटत असल्याने वेग नुसता तेवढाच राखण्यासाठीही घर्षणाचा काही भाग आधीच खर्ची पडतो.

आता वळण कापण्याविषयी. त्यामागे गणित आहे आणि बहुधा चिरंजीवांना ते न शिकताच उमगले आहे. काटकोनातील वळणावर बाहेरच्या कडेने शिरून, मध्यावर आतल्या कडेला टेकून पुन्हा बाहेर निघाले, तर गाडीचा मार्ग अधिक मोठ्या वर्तुळाचा होतो. सात मीटर रुंद रस्त्यावर गाडीच्या मध्यरेषेला सरकायला सुमारे पाच मीटर मिळतात आणि तेवढ्याने ३० मीटरची त्रिज्या ४२ मीटर होते. कोरड्या रस्त्यावरची मर्यादा ५२ वरून ६१ वर जाते. शर्यतीच्या ट्रॅकवर सगळे चालक हेच करतात, पण तेथे समोरून कोणी येत नसते. घाटातल्या उजव्या वळणावर ही नऊ किलोमीटरची कमाई समोरून चढणाऱ्याच्या हक्काच्या जागेतून होते, आणि ज्या वळणावर डोंगर आडवा असतो तेथे "समोर कोणी नाही" याचा अर्थ फक्त "मला कोणी दिसत नाही" एवढाच असतो.

पुढच्या वेळी घाटात उतरून त्या वळणाची बाहेरची कड चिरंजीवांना जवळून दाखवा. वाहनांच्या चाकांनी झाडलेली बारीक खडी आणि वाळू तेथे बोटभर जाडीचा पट्टा करून साचलेली असते. रस्त्याच्या मधला डांबराचा भाग काळा, स्वच्छ दिसतो. गाडी हातभर बाहेर सरकली की चाके या पट्ट्यावर येतात, आणि सुट्या खडीवर टायरला डांबर मिळतच नाही, खालचे दाणेच गोल गोल फिरतात. पहिल्या पावसात तर महिनोन्महिने साठलेली धूळ आणि तेल पाण्यात मिसळून डांबरावर पातळ चिखलाचा थर तयार होतो, म्हणून पुढच्या मुसळधार पावसापेक्षाही जूनमधली पहिली रिमझिम अधिक घसरडी ठरते.

प्रश्न : मला मोटारसायकल शिकवताना काकांनी सांगितले, "वेगात असताना डावीकडे वळायचे तर हँडलची डावी मूठ पुढे ढकल." मूठ पुढे ढकलली तर चाक उजवीकडे वळेल ना? काका गंमत करीत आहेत का? (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : काकांनी अगदी बरोबर सांगितले आहे. फार थोडे लोक ही गोष्ट शब्दांत सांगू शकतात, जरी दुचाकी चालवणारा प्रत्येक जण नकळत तेच करीत असतो.

दुचाकी उभ्या स्थितीत वळली तर बाहेरच्या बाजूला उलथेल, कारण रस्ता टायरला खालून आत ओढतो आणि वरचे धड मात्र सरळच जाऊ पाहते. म्हणून वळण्याआधी तिला आतल्या बाजूला कलावे लागते, इतके की रस्त्याचा वर रेटणारा जोर आणि घर्षणाची आत ओढणारी ताकद यांची मिळून होणारी रेषा गाडी व स्वार यांच्या एकत्रित गुरुत्वमध्यातून, म्हणजे दोघांचे सगळे वजन जेथे एकवटले आहे असे मानता येते त्या बिंदूतून, जाईल. २५ मीटर त्रिज्येचे वळण ताशी ३६ किलोमीटरने घेताना हा कल सुमारे २२ अंश असतो. स्वार सडपातळ असो की भारी, कोन तोच राहतो.

पण गाडीला कलवायचे कसे? डावी मूठ किंचित पुढे ढकलली की पुढचे चाक क्षणभर उजवीकडे वळते, टायर वरच्या धडाखालून उजवीकडे सरकतात आणि गाडी आपोआप डावीकडे कलते. कल मिळताच हँडल स्वतःहून डावीकडे येते आणि वळण सुरू होते. हाताच्या तळव्यावर काठी उभी तोलून पाहा. तिला डावीकडे न्यायचे असेल तर आधी हात थोडा उजवीकडे न्यावा लागतो, तोच हा प्रकार आहे. विमानाचे जनक राइट बंधू यांचे डेटन येथे सायकलींचे दुकान होते, आणि विल्बर राइट यांनी ही गोष्ट नेमकी हेरली होती : डावीकडे वळताना आपण आधी हँडल उजवीकडे वळवतो, याची बहुतेक सायकलस्वारांना जाणीवच नसते. अगदी कमी वेगात, राजवाड्याच्या गर्दीतून वाट काढताना, हा परिणाम एवढा ठळक जाणवत नाही आणि आपण हँडल वळवूनच काम भागवतो.

संकटाच्या वेळी ही जाणीव उपयोगी पडते. वळण अपेक्षेपेक्षा तीव्र निघाले की नवखा चालक ताठ होतो, पुढचा ब्रेक दाबतो आणि गाडी सरळ उभी करतो. गाडी उभी झाली की ती वळणाबाहेर जाते. तेथे आतल्या बाजूची मूठ आणखी थोडी पुढे ढकलून कल वाढवणे हाच उपाय उरतो, अर्थात घर्षण शिल्लक असेल तर. ०.७ घर्षणांकाला जास्तीत जास्त कल ३५ अंशांचा निघतो, ओल्या रस्त्यावर २२ च्या आसपास. आणि मागे बसलेल्या व्यक्तीने चालकासोबत कलावे. भीतीने उलट बाजूला झुकणे चालकाला फार जड जाते.

आपल्या गाडीचा मागचा टायर एकदा उन्हात वाकून बघा. शहरातल्या सरळ रस्त्यांवर चाललेल्या गाडीचा टायर मध्ये झिजून चपटा झालेला असतो, तर कडांवर कारखान्यातून आलेली रबराची बारीक केसरे अजून शाबूत असतात. असा टायर कलताना चपट्या भागावरून कडेवर एकदम टेकतो आणि गाडी झटका दिल्यासारखी पडू लागते. घाटात जाण्याआधी तो बदलून घ्या.

प्रश्न : राजवाड्यावरून नातीसाठी गॅसचा फुगा घेतला. रिक्षा मिळाली नाही म्हणून मुलीच्या गाडीने, काचा बंद करून घरी आलो. गाडी उजवीकडे वळली की आम्ही सगळे डावीकडे झुकायचो, पण फुगा उजवीकडे जायचा. नातीने कारण विचारले आणि मला सांगता आले नाही. (राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : नातीला शाबासकी द्या. गाडी उजवीकडे वळते तेव्हा आपले शरीर जडत्वाने सरळ जाऊ पाहते आणि आपल्याला आपण डावीकडे फेकले गेल्यासारखे वाटते. बंद गाडीतली हवाही तेच करते. ती डाव्या बाजूला किंचित दाटते. गॅसचा फुगा हवेपेक्षा हलका असल्याने दाट हवा त्याला विरळ बाजूला, म्हणजे उजवीकडे सारते. एरवी फुगा वर जातो तोही याच कारणाने, खालची हवा वरच्यापेक्षा दाट असते म्हणून. घरी सांगण्यासाठी एक प्रयोग : किल्ल्यांचा जुडगा दोऱ्याला बांधून त्याच गाडीत धरा. जुडगा बाहेर झुकेल, फुगा आत, आणि दोघांचे दोरे एकाच रेषेत राहतील. तो कोन मोजला तर वळणाची तीव्रता कळते; ताशी ३६ ने २५ मीटरच्या वळणावर तो कोन पुन्हा २२ अंशच येईल.

प्रश्न : आमच्याकडे सोयाबीनची पोती आणि भुसा दोन्ही त्याच ट्रॉलीने नेतात. भुशाची ट्रॉली पोत्यांच्या ट्रॉलीपेक्षा हलकी असूनही वळणावर तीच उलटते, असे दोनदा पाहिले. तसेच तीन चाकांची रिक्षा इतक्या सहज का उलटते? (देवास)

उत्तर : उलटण्याशी वजनाचा संबंध नाही; संबंध आहे गुरुत्वमध्याच्या उंचीचा आणि चाकांमधील अंतराचा. टायर जमिनीपाशी आत ओढला जातो, तर गाडीचे जडत्व गुरुत्वमध्यापाशी काम करते. हे दोन बिंदू जितके दूर तितका उलथवणारा जोर अधिक. चाकांमधील निम्मे अंतर भागिले गुरुत्वमध्याची उंची, हा साधा भागाकार मर्यादा सांगतो.

ट्रॉलीच्या चाकांमध्ये दीड मीटर अंतर आहे असे धरू. पोती खाली रचली आणि गुरुत्वमध्य १.१ मीटरवर राहिला, तर ०.७५ भागिले १.१ म्हणजे ०.६८. भुसा जाळी लावून डोक्यावर चढवला आणि गुरुत्वमध्य १.८ मीटरवर गेला, तर ०.४२. वीस मीटर त्रिज्येच्या वळणावर पहिली ट्रॉली ताशी ४१ पर्यंत उभी राहील आणि दुसरी ३२ लाच उलटेल. प्रत्यक्षात मर्यादा याहूनही खाली येते, कारण वळताना टायर बाहेरच्या बाजूला दबतात, भुसा त्याच बाजूला झुकतो आणि गुरुत्वमध्य स्वतःच चाकाकडे सरकतो. ३० च्या आतही धोका आहे असे समजावे. लक्षात घ्या की कोरड्या रस्त्यावरचे घर्षण ०.७ आहे, म्हणजे भुशाची ट्रॉली घसरण्याआधीच उलटते आणि चालकाला चाक सरकल्याची पूर्वसूचनाही मिळत नाही. मोटारीचे उलट असते. ती बुटकी आणि रुंद असल्याने आधी घसरते. उन्हाळ्यात इंदूरच्या वसाहतींमध्ये फिरणारे पाण्याचे टँकरही याच जातीचे, आणि त्यांत अर्धा रिकामा टँकर अधिक वाईट, कारण पाणी वळणावर बाहेरच्या भिंतीकडे धावते.

रिक्षाचे म्हणाल तर तिच्या आधाराचा आकार आयत नसून त्रिकोण आहे. मागची चाके एकमेकांपासून सव्वा मीटर लांब असली तरी गुरुत्वमध्य मागच्या आसापासून पुढच्या चाकापर्यंतच्या अंतराच्या तृतीयांश पुढे असेल, तर तेथे त्रिकोणाची निम्मी रुंदी ६२ सेंटिमीटर न राहता ४२ च्या आसपास भरते. चालकाने वळता वळता ब्रेक दाबला की जोर पुढच्या बाजूला, त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे जातो. चालकाच्या दोन्ही बाजूंना एकेक प्रवासी बसवला की हा गुरुत्वमध्य आणखी पुढे सरकतो. ई-रिक्षातही आकार तोच असतो. तिच्या जड बॅटऱ्या खाली असतात ही जमेची बाजू, पण छतावर सामान बांधले की ती जमा संपते.

प्रश्न : पीथमपूरच्या चाचणी ट्रॅकवर गाड्या वळणावरही २५० ने जातात असे ऐकले. मग घाटातले रस्ते तसेच का बांधत नाहीत? आणि रेल्वेला तर स्टिअरिंगही नसते, ती कशी वळते? (महू)

उत्तर : पीथमपूरचा नॅट्रॅक्सचा अतिवेगवान ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. त्याची लांबी ११.३ किलोमीटर आहे आणि त्याचे वळणावरचे भाग एखाद्या वाडग्याच्या भिंतीसारखे बाहेरून उचललेले आहेत. असे उचलले की रस्त्याचा वर रेटणारा जोर तिरपा होतो आणि त्याचाच एक हिस्सा गाडीला आत ओढतो. प्रत्येक उताराला एक वेग असा असतो की ही ओढ नेमकी पुरते आणि बाजूच्या घर्षणाची गरजच उरत नाही. या ट्रॅकसाठी तो ताशी २५० किलोमीटर ठरवला आहे. त्या वेगाने जाणाऱ्या गाडीत किल्ल्यांचा जुडगा धरला तर तो गाडीच्या जमिनीशी सरळ काटकोनात लोंबेल.

घाटात हे करता येत नाही, कारण तेथे ६० ने जाणारी मोटार आणि पायी चालीने चढणारा उसाचा ट्रक एकाच रस्त्यावर असतात. २५० साठी केलेल्या उतारावर थांबलेला ट्रक ओल्या रस्त्यावर खाली घसरेल किंवा आतल्या बाजूला लवंडेल. म्हणूनच ७ टक्के, आणि बर्फ न पडणाऱ्या डोंगराळ भागात फार तर १० टक्के, ही मर्यादा आहे.

रेल्वेचे चाक सपाट नसते. त्याचा पृष्ठभाग किंचित शंकूसारखा निमुळता असतो, परंपरेने २० ला १ या उताराचा. वळणावर डबा थोडा बाहेर सरकला की बाहेरचे चाक मोठ्या व्यासावर आणि आतले लहान व्यासावर चालते. दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट बसवलेली असल्याने बाहेरचे अधिक अंतर कापते आणि जोडी आपोआप वळते. फार तीव्र वळणावर चाकाची आतली कड रुळाला घासते, आणि पाताळपाणी ते कालाकुंड या मीटरगेज मार्गावरच्या वळणांत ऐकू येणारी किंचाळी बहुधा तीच. बाहेरचा रूळ तेथेही उचललेला असतो. गाडी अशा वळणावर सिग्नलसाठी थांबली तर दोऱ्याला बांधलेला जुडगा खिडकीपाशी धरून बघा. तो आतल्या रुळाच्या बाजूला झुकलेला दिसेल, आणि गाडी वेग घेऊ लागली की हळूहळू डब्याच्या जमिनीशी काटकोनात येईल.